टाकसाळीची चूक की नंतरची मोडतोड? एरर नाणं पारखण्याची पद्धत

'दुर्मिळ एरर नाणं, ऑफर द्या' असं लिहून जे फोटो फिरतात, त्यातली बरीच नाणी रेल्वेच्या रुळावर, लोहाराच्या पान्यात नाहीतर ॲसिडच्या बाटलीत 'दुर्मिळ' झालेली असतात. टाकसाळीतून ती अगदी धड बाहेर पडली होती.

नाण्याकडे बघून 'यात वेगळं काय आहे?' असं विचारत बसलं की माणूस फसतो, कारण वेगळं तर प्रत्येक ठोकलेलं नाणंही दिसतं. त्याऐवजी 'हे कधी घडलं?' असं विचारायचं. प्रेसमध्ये ठसा पडण्याआधी, ठसा पडताना की नाणं बाहेर आल्यावर? पहिल्या दोन वेळांना घडलं तर ती टाकसाळीची चूक. तिसऱ्या वेळी घडलं तर नुकसान, मग ते दिसायला कितीही गमतीचं असो. धातूवर याची खूण राहते आणि ती वाचता येते.

आधी नाणं कसं पडतं ते समजून घ्या

धातूचा पट्टा लाटतात आणि पंचाने त्यातून चकत्या पाडतात. चकतीच्या कडेवर दाब देऊन तिचा काठ थोडा उभा करतात, ती भट्टीत तापवून मऊ करतात आणि रसायनात धुऊन स्वच्छ करतात. मग प्रेस. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि चकतीभोवती पोलादाचं कडं, ज्याला कॉलर म्हणतात. दाब पडला की धातू ठशाच्या खोलगट नक्षीत वर चढतो आणि बाजूला पसरायला जातो. कॉलर त्याला अडवते, म्हणून नाण्याला नेमका व्यास आणि नेटका काठ मिळतो. दातेरी कड असेल तर ते दातेही कॉलरमुळेच उमटतात.

या लेखात 'काठ' म्हणजे नाण्याच्या तोंडावरचं गोल उंचवट्याचं रिंगण आणि 'कड' म्हणजे बोट फिरवल्यावर लागणारी तिसरी बाजू. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

एखाद्या नाण्यातला दोष या साखळीतल्या कुठल्या टप्प्यावर घडू शकला असता, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते नाणं एरर म्हणून विकत घेऊ नका.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर, लोहचुंबक आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबललॅम्प. शिवाय त्याच किमतीचं, त्याच सालाच्या आसपासचं एक साधं नाणं शेजारी ठेवा. नवखे लोक भिंगावर पैसे घालतात आणि हे फुकटचं तुलनेचं नाणं विसरतात.

पायरी १: हे नाणं मुळातच असं आहे का?

निम्म्या शंका इथेच मिटतात. वेगळं डिझाइन, वेगळा धातू, वेगळी खूण म्हणजे एरर नव्हे.

१९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा घ्या. युद्धाच्या काळात तांबं वाचवण्यासाठी सरकारनेच त्याच्या मध्यभागी भोक ठेवलं होतं. या पैशात भोक नसेल किंवा ते मध्यापासून सरकलेलं असेल तर बघण्यासारखं आहे. याउलट एक रुपयाच्या नाण्याला भोक असेल तर ते ड्रिलने पाडलेलं आहे, विषय संपला.

पाच रुपयांच्या नाण्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. १९९२ पासूनचं जाड, तांबं-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं. २००७ पासूनचं स्टीलचं नाणं ६ ग्रॅमचं आणि त्याच २३ मिलिमीटर व्यासाचं, त्यामुळे हाताला पातळ लागतं. त्यानंतर आलेलं पिवळसर निकेल-ब्रासचं नाणंही ६ ग्रॅमचंच. म्हणजे 'पातळ पाच रुपये' ही चूक नाही, तो अधिकृत बदल आहे.

दहा रुपयांच्या नाण्यावर कधी दहा किरण असतात, कधी पंधरा. यावरून दुकानदार नाणं नाकारायला लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की तोपर्यंत निघालेली चौदाही डिझाइन्स वैध आहेत.

सालाखालच्या खुणांचंही तसंच. हिरकणीच्या आकाराची खूण मुंबईची, पाच टोकांचा तारा हैदराबादचा, बारीक ठिपका नोएडाचा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. त्यामुळे 'खूण गायब असलेलं नाणं' हे बहुतेक वेळा निव्वळ कोलकात्याचं नाणं असतं. काही वर्षी नाणी परदेशातूनही पाडून आणली होती. १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमची 'एच' ही खूण सापडते, ती काही कुणी नंतर कोरलेली नाही.

महाराष्ट्रातल्या संग्राहकांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हाताने पाडलेल्या नाण्यांना एररची फूटपट्टी लावायची नाही. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' हे पूर्ण, मध्यावर बसलेलं क्वचितच दिसतं. पेशवाईतल्या रुपयांचा ठसा तर चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकुराचा एक तुकडाच नाण्यावर यायचा. कॉलर नव्हती, यंत्र नव्हतं. घण पडेल तसा ठसा उमटे. अशा नाण्याला 'ऑफ सेंटर एरर' म्हणून जादा किंमत सांगणारा विक्रेता अज्ञानी तरी असतो किंवा समोरच्याला तसा समजत असतो.

पायरी २: वजन, व्यास, चुंबक

दोन मिनिटांचं काम, पण अर्धा निकाल इथे लागतो.

ठसा सरकलेलं, कॉलरशिवाय पडलेलं किंवा दुहेरी पडलेलं नाणं पूर्ण वजनाचंच असतं, कारण चकती पूर्ण होती. चकतीच तुटकी किंवा पातळ असेल तर वजन कमी भरतं. कानशीने घासलं, ॲसिडमध्ये बुडवलं तरीही वजन घटतंच. म्हणून वजन एकट्याने निर्णय देत नाही, पण दिशा दाखवतं.

२०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, एक रुपयाचं २२ मिलिमीटर आणि साधारण ३.८ ग्रॅम. समजा 'एक रुपयाच्या चकतीवर पडलेले दोन रुपये' म्हणून नाणं समोर आलं. ते ३.८ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे आणि काठाजवळची अक्षरं चकतीबाहेर गेल्यामुळे कापलेली दिसली पाहिजेत. वजन ४.१ भरलं आणि कडेला भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसले, तर कुणीतरी ग्राइंडरवर वेळ घालवलेला आहे.

चुंबक रंगाचा खोटेपणा उघड करतो. स्टीलची नाणी चिकटतात, तांबं-निकेल आणि निकेल-ब्रास चिकटत नाहीत. पिवळं पाच रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटलं तर बहुधा ते स्टीलच्या नाण्यावर मुलामा चढवलेलं आहे. निकेल-ब्रासच्या सालातलं नाणं पांढरं दिसतंय आणि चिकटतही नाही, तर वरून पांढरा थर दिलेला असण्याची शक्यता जास्त. थर असेल तर अक्षरांच्या कोपऱ्यांत तो साचलेला दिसतो आणि घासल्या जाणाऱ्या उंचवट्यांवर खालचा रंग डोकावतो. नाणं कापून किंवा तापवून बघायच्या फंदात मात्र पडू नका. कॉइनेज ॲक्ट २०११ नुसार चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे.

पायरी ३: वर आलेलं की खाली गेलेलं?

लॅम्प एका बाजूला ठेवा, नाणं हळूहळू फिरवा आणि सावली कुठे पडते ते बघा.

ठशाला तडा गेला असेल तर त्या तड्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर वर आलेली वेडीवाकडी रेघ दिसते. ठशाचा तुकडाच उडाला असेल तर काठाला चिकटून गुळगुळीत फुगीर डाग येतो. त्याला संग्राहक 'कड' (cud) नावाने ओळखतात, पण हा इंग्रजी शब्द आहे, आपल्या कडेशी त्याचा संबंध नाही. असा डाग खरा असेल तर नाण्याच्या दुसऱ्या बाजूला, नेमक्या त्याच जागी नक्षी फिकी असते, कारण तिथला धातू या पोकळीत गेलेला असतो. ही मागची फिकट जागा नक्कल करणाऱ्याला जमत नाही. डाख (सोल्डर) किंवा गोंद लावून उभा केलेला डाग मागच्या बाजूवर काहीच परिणाम करत नाही.

ओरखडा, खड्डा, टोचा हे खाली गेलेलं असतं आणि धातू कुठेतरी जायलाच हवा म्हणून त्याच्या कडेला बारीक वरंबा उठतो. नखाने जाणवतो. वरंबा दिसला की घाव प्रेसनंतरचा, असं समजायला हरकत नाही.

पायरी ४: प्रकारानुसार तपासणी

*क्लिप, म्हणजे चंद्रकोरीसारखी तुटलेली चकती.* पट्टा नीट पुढे सरकला नाही तर पंच आधीच्या भोकावर अंशतः पडतो आणि चकतीतून गोल घास कमी होतो. ही चूक ठसा पडण्याआधीची, म्हणून तीन खुणा सापडायला हव्यात. पहिली: क्लिपच्या बरोब्बर समोरचा काठ फिका किंवा पसरट असतो. काठ उभा करताना एका बाजूला धातूच नव्हता, म्हणून समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसला नाही. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. दुसरी: क्लिपजवळची अक्षरं मोकळ्या जागेकडे किंचित ओढल्यासारखी, निमुळती झालेली असतात, कारण तिथे धातू पसरायला वाव मिळाला. तिसरी: कापलेल्या बाजूवर कात्रीचे किंवा कानशीचे ओरखडे नसतात.

नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर शेवटपर्यंत ठसठशीत येतं आणि अचानक तुटतं. समोरचा काठ पूर्ण. ब्लेकस्लीची खूण प्रत्येक खऱ्या क्लिपवर तितकीच स्पष्ट नसते, छोट्या क्लिपवर तर शोधावी लागते. पण धातू ओढला गेल्याची खूणही नसेल आणि ही खूणही नसेल, तर आशा सोडा.

*ऑफ सेंटर आणि ब्रॉडस्ट्राइक.* चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही तर ठसा एका बाजूला पडतो. उरलेला भाग कोरा, गुळगुळीत. कॉलरशिवाय पण मध्यावर ठसा पडला तर नाणं नेहमीपेक्षा रुंद आणि पातळ होतं, त्यावर पूर्ण नक्षी असते पण काठ नेटका नसतो आणि कडेचे दाते गायब असतात. हातोड्याने ठोकलेलं नाणंही रुंद होतं, पण त्याची अक्षरं चेपलेली, माथ्यावर सपाट आणि चमकदार असतात. रुळावरून चेपून आलेल्या नाण्यात तर चित्र एका दिशेला लांबतं. खऱ्या चुकीत अक्षरं आपल्या आकारात राहतात. ऑफ सेंटर नाण्यात साल आणि टाकसाळीची खूण दिसत असेल तर संग्राहक जास्त रस घेतात.

*ब्रोकेज.* आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्यावर दाबली गेली, तर दुसऱ्या बाजूला खरं चित्र येण्याऐवजी त्याच चित्राचा खोल, उलटा ठसा उमटतो. आपल्याकडच्या बाजारात याला 'लखी' नाणं म्हणतात. नक्कल करणारे याच्यावर टपलेले असतात, कारण दोन नाणी पान्यात घालून आवळली की उलटा खोल ठसा घरीही निघतो.

फरक ओळखायची जागा एकच: त्या खोल ठशाखाली मूळ नक्षीचे अवशेष आहेत का? खऱ्या ब्रोकेजमध्ये त्या बाजूला मूळ चित्र कधी उमटलेलंच नसतं, म्हणून पार्श्वभूमी स्वच्छ असते. पान्यातल्या नाण्यावर मूळ अक्षरांचे चेपलेले तुकडे डोकावत राहतात. मागची बाजू पाहिलीत तर तिथेही पान्याच्या जबड्याने सपाट केलेले उंचवटे सापडतात.

*दुहेरी अक्षरं.* सर्वात जास्त भ्रम इथे. ठसा उचलताना प्रेस किंचित हलली की अक्षराच्या एका बाजूला सपाट, पायरीसारखी सावली उठते. अक्षराची मूळ जाडी त्यात कमी होते. हे टाकसाळीतच घडतं खरं, पण इतकं सर्रास असतं की त्याला जादा किंमत देण्यात अर्थ नाही. ठसाच दुहेरी खोदला गेला असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, सारख्याच उंचीकडे जाणारी आणि टोकांना दुभंगलेली दिसतात. नाणं प्रेसमध्ये दोनदा दाबलं गेलं असेल तर एक पूर्ण चित्र आणि त्याखाली चेपलेलं दुसरं चित्र मिळतं.

*गायब आकडे, गायब अक्षरं.* ठशाच्या खाचेत वंगण आणि धूळ साचली की तिथे धातू चढत नाही. अशा वेळी अक्षर हळूहळू विरत जातं आणि त्या जागेचा पोत शेजारच्या मैदानासारखाच, म्हणजे नक्षी नसलेल्या सपाट भागासारखाच असतो. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी किंचित खोलगा असतो, चमक वेगळी असते आणि भिंगातून समांतर रेघा दिसतात.

*फिरलेला ठसा.* भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यात दोन्ही बाजू एकाच दिशेला उभ्या असतात. सिंहमुद्रा सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं डावीकडून उजवीकडे फिरवा. मागची बाजूही सरळ यायला हवी. ती आडवी किंवा उलटी आली तर ठसा फिरलेला आहे. ही चूक नंतर घडवता येत नाही, फक्त दोन अर्धी नाणी जोडूनच तिची नक्कल होते. मग काठाच्या आतल्या बाजूला सांधा शोधा, वजन करा, आणि टेबलावर टाकून आवाज ऐका. जोडलेलं नाणं बद्द वाजतं. पाच-दहा अंश फिरलेली नाणी मात्र ढिगाने मिळतात, त्यांच्यामागे लागू नका.

*दहा रुपयांची द्विधातू, म्हणजे दोन धातूंची नाणी.* बाहेरचं कडं आणि आतली चकती प्रेसमध्ये एकाच दाबाने एकमेकांत अडकतात. आतली चकती सरकलेली असेल तर खरं नाणं मिळू शकतं: तेव्हा नक्षी सांध्यावरून न तुटता पुढे जाते, कारण ठसा दोन्ही धातूंवर एकदमच पडलेला असतो. चकती बाहेर ठोकून, उलटी करून परत बसवणं हा जुना उद्योग आहे. त्यात सांध्याला फट किंवा ठोक्याचे व्रण राहतात. आतली चकतीच नसलेलं नाणं आलं तर कड्याची आतली भिंत बघा. चकती आधी बसलेली होती आणि नंतर निसटली असेल तर तिथे अडकवणीची खाच किंवा उंचवटा शिल्लक असतो. चकतीशिवायच ठसा पडला असेल तर धातू भोकाच्या दिशेने आत सरकलेला दिसतो.

पायरी ५: आपल्याकडच्या मोडतोडीच्या ओळखीच्या खुणा

ब्रिटिशकालीन ११.६६ ग्रॅमच्या चांदीच्या रुपयांवर बारीक चंद्रकोरी, ठिपके, चौकोनी टोचे दिसतात. चांदी अस्सल आहे की आत शिसं भरलंय ते बघण्यासाठी सराफांनी मारलेले हे ठोके. इतिहास म्हणून गोड, पण एरर नव्हे, आणि किंमत उतरवणारे.

रुपयांच्या माळा घालायची पद्धत आपल्याकडे होती, त्यामुळे काठावर बारा वाजण्याच्या जागी डाखाचा फुगवटा, भरलेलं भोक किंवा तुटलेल्या कडीचा व्रण असलेली नाणी घरोघरी निघतात. डाख काढून घासलेल्या जागेचा रंग वेगळा दिसतो. 'काठावर जादा धातू' म्हणून हीच नाणी विकायला येतात.

नदीत टाकलेल्या नाण्यांना गाळ आणि पाणी खातं. नाशिकच्या गोदापात्रात किंवा पंढरपूरला सापडलेल्या नाण्यांचं मैदान खडबडीत असतं, अक्षरांच्या कडा विरतात. ॲसिडमधल्या नाण्यात सगळंच प्रमाणात बारीक होतं: व्यास, अक्षरं, काठ, वजन. 'छोट्या आकाराचं रुपयाचं नाणं' म्हणून ते येतं. टाकसाळीच्या कोणत्याही टप्प्यावर अक्षरांसकट अख्खं नाणं बारीक होत नाही.

आणि सापडलेलं नाणं चिंच-मिठाने घासू नका. तपासायची जी मूळ चमक असते, ती याने पहिली जाते.

पायरी ६: विकत घेण्याआधी

विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, कडेचा फोटो, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा वजनासकट फोटो. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा, कारण कानस, सांधा, डाख सगळं कडेवरच सापडतं. फक्त एका कोनातून, जास्त उजेडात काढलेला फोटो काहीच सांगत नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईतल्या नाणी-प्रदर्शनांत हातात घेऊन बघायची सोय असते, ती सोडू नका. दहा खरी क्लिप नाणी हाताळली की अकरावं खोटं हाताला लगेच कळतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं नाणं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनिटरी म्युझियम. नाणं कसं पडायचं हे तिथे समजतं.

'तुमच्याकडच्या वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख' छापाच्या जाहिरातींत एरर तर नसतेच, खरेदीदारही नसतो. नोंदणी फी, जीएसटी, 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन' अशा नावाने आधी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नाही, आणि तिच्या नावाने फी घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. पैसे आधी मागितले की नंबर ब्लॉक करा.

एखादं नाणं सगळ्या पायऱ्यांनंतरही अर्धवट राहतं: क्लिप दिसतोय, समोरचा काठ थोडा फिका आहे, पण नाणं झिजलेलं असल्याने नक्की सांगता येत नाही. अशा नाण्याला कागदाच्या पाकिटात ठेवा, वर वजन, व्यास, साल, खूण आणि तुमची शंका लिहा. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांचा हिरवा चिकटपणा नाण्यावर उतरतो. मग त्याच प्रकारचं, कमी झिजलेलं नाणं हाती येईपर्यंत किंवा एररमधल्या जाणत्या माणसाला दाखवेपर्यंत त्याचा भाव साध्या नाण्याचाच धरा.